संख्याबोधाचे घर : शालापूर्व गणित, खेळ आणि ठाणे–कल्याण–डोंबिवलीतील कुटुंब

गोषवारा : तीन ते सहा या वयोगटातील मुलांना घरच्या घरी, खेळातून गणिताची ओळख करून द्यावी हा विचार ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील सुशिक्षित कुटुंबांत आज सर्वमान्य झाला आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा केली आहे. त्यासाठी कोसबाडच्या बालशिक्षणाचा वारसा, मुलांच्या संख्याबोधाविषयीचे संशोधन, मराठी संख्यानामांचे स्वरूप आणि या परिसरातील कौटुंबिक जीवन असे चार आधार घेतले आहेत. घरातील खेळाचे मूल्य मान्य करूनही, केवळ खेळ पुरेसा नाही आणि केवळ आईवर सोपवलेला खेळ टिकणारा नाही, असे मत लेखाच्या अखेरीस मांडले आहे.

बीजशब्द : संख्याबोध, शालापूर्व शिक्षण, कोसबाड, संख्यानामे, घरगुती खेळ.

१. प्रास्ताविक

ठाणे ते कल्याण या पट्ट्यातील कोणत्याही वसाहतीत फेरफटका मारला तर पूर्वप्राथमिक शिक्षणाचे एक ठळक चित्र दिसते. नर्सरीच्या जाहिराती, अबॅकसचे वर्ग, अंकांचे रंगीत तक्ते आणि 'खेळता खेळता गणित' असे आश्वासन देणारे साहित्याचे डबे यांची येथे वाण नाही. पालकांचा हेतू प्रामाणिक आहे. गणिताची भीती त्यांनी स्वतः अनुभवलेली असते. ती आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांना वाटते. परंतु हेतू चांगला असला म्हणजे साधनही योग्य असते, असे नाही. अनेक घरांत खेळ या शब्दाखाली शाळाच दोन वर्षे अलीकडे ओढली जाते. अंक गिरवणे, शंभरपर्यंत म्हणणे, तक्त्यावर बोट ठेवून ओळखणे या कृतींना खेळाचे वेष्टन चढवले, तरी आतला माल घोकंपट्टीचाच राहतो.

शासकीय धोरणानेही आता खेळाला मान्यता दिली आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला; जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले; २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत खेळसाहित्याचा 'जादुई पिटारा' प्रकाशित झाला. बाजार आणि शासन दोघेही एकाच शब्दाचा उच्चार करू लागतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ तपासून घेणे हे अभ्यासकाचे काम ठरते.

२. कोसबाडचा वारसा : अनुकरण की तत्त्व?

या प्रश्नाचा विचार करताना दूर जाण्याची आवश्यकता नाही. मराठी बालशिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच झाला. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत स्थिरावले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यामुळे कोसबाड आज ठाणे जिल्ह्यात नाही. परंतु वैचारिक वारशाला जिल्ह्याच्या सीमा लागू होत नाहीत.

ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीचा गाभा स्वीकारला, पण तिची महागडी साधने स्वीकारली नाहीत. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या ही मुलांच्या पायाखालची संपत्ती त्यांच्या बालवाडीत शैक्षणिक साहित्य झाली. लहान–मोठे, जड–हलके, कमी–जास्त, एकास एक जोडी लावणे या पूर्वगणिती कल्पना मुलाने हाताळून आत्मसात कराव्यात, अशी ही दृष्टी होती. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा मुलांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' या शब्दाचे मूळ तेथे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली.

आजच्या शहरी पालकांच्या चर्चेत कोसबाडचे नाव निघते ते बहुधा 'नैसर्गिक साहित्य' एवढ्यापुरते. मग बाजारातून लाकडी मणी आणि सोललेले शंख विकत आणले जातात. हे कोसबाडचे अनुकरण आहे, तत्त्व नव्हे. ताराबाईंचे तत्त्व असे होते की, मूल जेथे राहते तेथील वस्तूंतून शिक्षण उभे करावे. डोंबिवलीच्या सदनिकेत राहणाऱ्या मुलाचा परिसर म्हणजे लिफ्टमधील अंक, जिन्याच्या पायऱ्या, जमिनीवरच्या चौकोनी लाद्या, दुधाच्या पिशव्या, पोळ्यांची चवड आणि फलाटावर येणारी बारा डब्यांची लोकल. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या एका पातेल्यात ओतल्या की एक लिटर होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला शिंपल्यांची उणीव भासणार नाही.

येथे एक व्यावहारिक इशारा आवश्यक वाटतो. नैसर्गिक साहित्य सगळेच निर्धोक नसते. लाल–काळ्या गुंजा दिसायला मोहक असल्या तरी विषारी असतात. त्या लहान मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. चिंचोके, मणी, वाटाणे हेदेखील तीन वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडात जाऊ शकतात. म्हणून मोठ्या माणसाची नजर असल्याशिवाय ते खेळायला देऊ नयेत.

३. 'शंभरपर्यंत येते' या समजाची चिकित्सा

चार वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर एक ते शंभर म्हणून दाखवते आणि घर धन्य होते. या कौतुकात वाईट काही नाही. मात्र त्याला गणित म्हणणे घाईचे ठरेल. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम लावणे, संख्यानामांचा क्रम कायम ठेवणे, शेवटचे नाम हे संपूर्ण समूहाचे मान आहे हे जाणणे, कोणत्याही वस्तू मोजता येतात हे ओळखणे आणि कोठूनही मोजले तरी उत्तर तेच येते हे समजणे, ही ती तत्त्वे होत. शंभरपर्यंत म्हणून दाखवणारे मूल यांपैकी केवळ दुसऱ्या तत्त्वाची कसोटी देत असते.

कॅरन विन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या अभ्यासाने ही दरी स्पष्ट केली. दहापर्यंत बिनचूक मोजणाऱ्या मुलाला 'तीन खेळणी दे' म्हटले, तर ते पुष्कळदा मूठभर खेळणी उचलून देते. 'एक'चा अर्थ कळल्यावर 'दोन'चा, मग 'तीन'चा अर्थ कळायला मध्ये महिन्यांचा काळ जातो. त्यानंतर मात्र मुलाला मोजणीचे मर्म उमगते. ही कसोटी कोणत्याही स्वयंपाकघरात, साहित्याविना घेता येते. 'मला चार चमचे आणून दे' एवढे वाक्य पुरेसे आहे. मुलाने पाच आणले तर रागावू नये. दोघांनी मिळून ताटांशेजारी एकेक ठेवून पाहावे. उरलेला चमचाच मुलाला चूक दाखवून देतो.

सुसान लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांनी ४४ अमेरिकन कुटुंबांतील संभाषण मूल १४ ते ३० महिन्यांचे असताना नोंदवले. सुमारे साडेसात तासांच्या नोंदींत पालकांनी उच्चारलेल्या संख्याशब्दांची संख्या कमीत कमी ४, तर जास्तीत जास्त २५७ इतकी आढळली. ज्या घरांत संख्यांचे बोलणे अधिक होते, तेथील मुलांना सुमारे चौथ्या वर्षी संख्यांचा अर्थ अधिक चांगला कळत होता. २०११ च्या पुढील अभ्यासात समोर दिसणाऱ्या वस्तूंविषयीचे, विशेषतः चार ते दहा वस्तूंच्या समूहांविषयीचे बोलणे अधिक उपयुक्त असल्याचे दिसले. हे सहसंबंध आहेत, कारणाचा निर्णायक पुरावा नव्हे. परंतु त्यांतून मिळणारी दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही. तक्त्यावरील ७३ या अंकापेक्षा ताटातील सहा भज्यांविषयीचे बोलणे मुलाला अधिक देऊन जाते.

४. मराठी संख्यानामे आणि दोन भाषांतील मूल

मराठी घरातील संख्याबोधाचा विचार भाषेला वगळून करता येत नाही. मराठीत 'सत्तावीस' उच्चारताना सात आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ७ नंतर. 'एकोणतीस' ऐकताना कानावर 'तीस' पडते आणि पाटीवर २९ उमटतात. 'एकोण' म्हणजे एक उणे. अर्थात हे नाम म्हणजे एक लहानशी वजाबाकी आहे. ही रचना एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवपाशी अचानक मोडते. कानडी वा तेलुगूत वीस आधी आणि एक नंतर उच्चारले जाते. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ 'दहा एक'. केव्हिन मिलर आणि जेम्स स्टिग्लर यांनी १९८७ मध्ये तैवानी व अमेरिकन मुलांच्या मोजणीची तुलना केली, तेव्हा दहानंतरच्या नामांशी संबंधित चुका तैवानी मुलांत कमी आढळल्या.

या प्रश्नाची महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेली चर्चा २०१९ मध्ये झाली. 'बालभारती'च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे अनेक मुले अडखळतात. त्यांना सुलभ पर्याय मिळावा. विरोध करणाऱ्यांना त्यात भाषेची मोडतोड दिसली. विधिमंडळात विषय निघाला आणि त्याची भरपूर थट्टाही झाली.

आज शांतपणे पाहता दोन्ही बाजूंना काही श्रेय द्यावे लागते. डॉ. नारळीकरांनी दाखवलेली अडचण खरी होती, आणि ती जुन्या पाठांतराच्या अभिमानाने नाहीशी होत नाही. दुसरीकडे, घरात, बाजारात आणि आजीच्या तोंडी जे नाम नाही, ते केवळ पुस्तकात आल्याने मुलाचे होत नाही, हेही खरे. वादात हरवलेला मुद्दा वेगळाच होता. दहाचा समूह ज्या मुलाने हाताळला आहे, दहा काड्यांची जुडी बांधली आणि सोडली आहे, त्याला 'दोन जुड्या आणि सात सुट्ट्या' हे दिसते. मग तो त्याला सत्तावीस म्हणो की वीस सात. जुडी न बांधलेल्या मुलाला दोन्ही नामे सारखीच पोकळ असतात.

ठाणे–डोंबिवलीच्या घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मूल इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत 'ट्वेंटी सेव्हन' ऐकते आणि घरी 'सत्तावीस'. हळूहळू घरातील मराठी वाक्यांतही इंग्रजी संख्या शिरतात. दूरध्वनी क्रमांक, किंमत, लोकलची वेळ इंग्रजीत सांगितली जाते. आणि आजीने 'एकोणसत्तर रुपये झाले' म्हटले की नातवंड आईच्या तोंडाकडे पाहते. ही केवळ भाषिक हळहळ नाही. त्या घरात संख्यांविषयी सर्वाधिक निवांतपणे बोलू शकणारी व्यक्ती आणि मूल यांच्यातील संवादच त्यामुळे तुटतो.

शालापूर्व वयापुरता या पेचाचा उपाय अवघड नाही. या वयात दहापर्यंतचा अर्थपूर्ण संख्याबोध पुरेसा आहे, आणि एक ते दहा ही नामे मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, क्रमाने पाठच करावी लागतात. तेथे 'सत्तावीस'चा प्रश्नच उद्भवत नाही. मूल एक ते दहा दोन्ही भाषांत सहज पेलते. शिवाय मराठीजवळ एक ठेवा आहे : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, सव्वाकी, दिडकी, औटकी घोकून घेत असत. ती घोकंपट्टी परत आणण्याचे कारण नाही. मात्र 'दीड वाटी तांदूळ घे' हे वाक्य ऐकत, वाटी आपल्या हातांनी भरत वाढणारे मूल अपूर्णांकाचे नाव शिकण्यापूर्वी त्याचे मान पाहते, ही सोय सोडून देण्याचेही कारण नाही.

५. घरातील खेळांचे गणितीय मूल्य

मराठी घरातील पारंपरिक खेळांकडे स्मरणरंजनाच्या नजरेने न पाहता गणितीय नजरेने पाहिले, तर त्यांचे मूल्य सारखे नाही असे दिसते.

सागरगोट्यांचा खेळ घ्या. पाच सागरगोट्यांपैकी एक उडवायचा आणि जमिनीवरचे चार उचलायचे. प्रथम एकेक, मग दोन–दोन, मग तीन आणि एक, अखेरीस चारही एकदम. हे चारचे विभाजन आहे. चार वर्षांच्या मुलाच्या हाताला झेलणे जमणार नाही. परंतु न उडवता नुसते उचलण्याचा खेळ त्याला जमतो. कवड्यांच्या पटात उताण्या पडलेल्या कवड्या पाहून तितकी घरे चालायची असतात; यात न मोजता एका दृष्टिक्षेपात लहान समूह ओळखण्याचा सराव होतो. पत्त्यांतील 'बदाम सात' हा खेळ सातपासून खाली व वर असा दोन्ही बाजूंनी क्रम लावायला शिकवतो. ठिपक्यांच्या रांगोळीत चार ओळी, प्रत्येक ओळीत चार ठिपके ही मांडणी पुढील गुणाकाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे करते.

सापशिडीविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. शंभर घरांच्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे, तर पुढची उजवीकडून डावीकडे जाते. चार वर्षांच्या मुलाला त्यात संख्यांची सरळ रेषा दिसत नाही. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ मध्ये अल्प उत्पन्न गटातील शालापूर्व मुलांना एक ते दहा अंकांचा सरळ पट खेळायला दिला. पंधरा–वीस मिनिटांच्या अवघ्या चार बैठकींनंतर त्यांचे संख्याज्ञान वाढले आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकून होते. अंकांऐवजी केवळ रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत अशी वाढ दिसली नाही. वर्तुळाकार पटाचा परिणाम सरळ पटाइतका नसल्याचे नंतर आढळले. पुढील संशोधनाने आणखी एक बारकावा दाखवला : सोंगटी पाचवर असताना दोनचे दान पडले, तर मुलाने 'एक, दोन' असे न म्हणता 'सहा, सात' असे म्हणत पुढे जावे.

या पटासाठी पैसा खर्च करण्याची गरज नाही. घरातील एका ओळीतील दहा लाद्यांवर खडूने अंक लिहिले की पट तयार होतो, आणि सोंगटीच्या जागी मूल स्वतः चालते.

दैनंदिन व्यवहारातील अंक वापरतानाही विवेक हवा. फलाट क्रमांक पाच म्हणजे पाच फलाट नव्हेत; ते एका फलाटाचे नाव आहे. लिफ्टमधील पाच मात्र जमिनीपासूनचा क्रम दाखवतात, आणि ताटातील पाच पुऱ्या हे मान असते. एकाच अंकाची ही तीन कामे मुलाला व्याख्येने सांगू नयेत. परंतु आपण कोणत्या पाचविषयी बोलत आहोत, याचे भान मोठ्यांनी ठेवावे.

६. खेळ पुरेसा आहे काय?

येथवरच्या विवेचनावरून खेळ हाच सर्व प्रश्नांचा उपाय आहे असा समज होऊ नये. या समजाला धक्का देणारा महत्त्वाचा अभ्यास भारतातच झाला आहे. मॉयरा डिलन, एस्थर ड्युफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेच्या साहाय्याने दिल्लीतील २१४ बालवाड्यांत १५४० मुलांसह हा प्रयोग केला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार महिने गणिती खेळ खेळलेल्या मुलांची अंकाविना राशींची तुलना करण्याची आणि आकार ओळखण्याची क्षमता वाढली, आणि ती पुढे प्राथमिक शाळेत गेल्यावरही टिकली. परंतु शाळेतील अंकगणितात त्यांची प्रगती इतर मुलांपेक्षा टिकाऊ स्वरूपात सरस ठरली नाही.

याचा अर्थ खेळ निष्फळ असा नव्हे. खेळातून मिळालेली जाण आणि शाळेतील चिन्हे यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो. तो आपोआप बांधला जात नाही, असा याचा अर्थ आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांच्या अभ्यासातही हेच दिसले. विक्रीचे हिशेब तोंडी अचूक करणारी मुले शाळेच्या मांडणीतील उदाहरणांपाशी अडली. आणि शाळेतील मुलांना बाजारातील हिशेब जमेनात. म्हणून सागरगोटे खेळून झाल्यावर 'किती उचललेस?' हे विचारणे, 'तीन आणि एक, चार' हे उच्चारणे, आणि पाचव्या–सहाव्या वर्षी हवे तर खडूने ३ व १ लिहून दाखवणे, हा खेळाचाच शेवटचा टप्पा मानला पाहिजे. वस्तू, शब्द आणि अंक या तीन पायऱ्यांतील मधली पायरी घराची आहे. तेथे घर मौन राहिले, तर महागडा संचही मुका राहतो.

७. वेळ कोणाचा, घर कोणाचे?

घरगुती गणिताविषयीच्या बहुतेक मार्गदर्शनात एक व्यक्ती गृहीत धरलेली असते : दिवसभर घरी असणारी, सुशिक्षित, उत्साही आई. ठाणे–कल्याण पट्ट्याचे वास्तव निराळे आहे. येथील असंख्य आईबाप सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि दिवेलागणीनंतर थकून परततात. मूल आजी–आजोबांकडे किंवा पाळणाघरात असते. अशा आईच्या हाती रोजच्या दहा उपक्रमांची यादी देणे म्हणजे तिच्या अपराधभावात भर घालणे होय. दुसऱ्या बाजूला, ज्या घरांतील स्त्री इतरांच्या घरी स्वयंपाक–धुणी करते, त्या घराला 'घरचे खेळ' या सल्ल्यात स्थानच नसते.

कोसबाडचा खरा धडा येथे उपयोगी पडतो. घराला जमत नाही म्हणून ताराबाई आणि अनुताईंनी घराला दोष दिला नाही. मूल जेथे होते तेथे शिक्षण नेले. या न्यायाने आज गणिती खेळांची जागा पाळणाघरात, अंगणवाडीत आणि आजीच्या ओसरीवरही हवी. पाळणाघर चालवणाऱ्या ताईला पटाचा खेळ आणि 'चार चमचे आण' यांमागील तत्त्व सांगणे, हे अबॅकसच्या एखाद्या वर्गापेक्षा अधिक मुलांपर्यंत पोहोचणारे काम आहे. आईबापांच्या वाट्याला मग संख्यांचा वेगळा तास राहत नाही. पोळ्या वाढताना, पायऱ्या चढताना, रविवारी रांगोळी काढताना येणारे दोन–चार शब्द पुरतात.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, शालापूर्व वयात दहापर्यंतचा अर्थपूर्ण संख्याबोध हा शंभरपर्यंतच्या पाठांतराहून श्रेष्ठ आहे. दुसरा, कोसबाडचा वारसा शिंपल्यांत नाही, परिसराला शैक्षणिक साहित्य मानण्याच्या दृष्टीत आहे. तिसरा, मराठी संख्यानामांची अडचण खरी असली तरी ती दहाच्या समूहाच्या अनुभवाने सुटते. आणि आजी–नातवंडांतील मराठी संख्याव्यवहार टिकवणे हे गणिताच्याही हिताचे आहे. चौथा, खेळ शब्दांशी व पुढे अंकांशी जोडला गेला नाही, तर त्याचा लाभ शाळेच्या उंबरठ्यावर थांबतो. पाचवा, या सर्वांची जबाबदारी एकट्या आईवर टाकणारा कोणताही कार्यक्रम या परिसरात फार काळ चालणार नाही. या परिसरातील पाळणाघरे व अंगणवाड्या यांत मराठी संख्याव्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो, याचा पद्धतशीर अभ्यास स्थानिक महाविद्यालयांनी हाती घ्यावा. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी तीन–चार वर्षांचे भावंड असते. अभ्यासाची सुरुवात तेथूनही होऊ शकते.